मागच्या खोलीतली अक्का

अक्का,

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी हट्टा गावच्या लग्नवाल्यांचा फोन आला. अल्बम कधी देता म्हणून. हे म्हणाले, "घरात वहिनी वारली, जरा थांबा." तिकडचा माणूस म्हणाला, "व्हय, आमी ऐकलं, लय वाईट झालं. पण पोरगी या आठवड्यात नांदायला चालली, तिला अल्बम संगं न्यायचा हाय." ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी भांडी विसळत होते. हात पदराला पुसले आणि मागच्या खोलीत गेले.

दोन्ही खुर्च्या होत्या तशाच होत्या. मी माझ्याच खुर्चीवर बसले. कॉम्प्युटर चालू केला तसा आपला नेहमीचा निळा उजेड भिंतीवर पडला. तुझ्या दवाखान्याच्या धावपळीत तो अल्बम अर्धाच राहिला होता. हळदीच्या घोळक्याचा एक फोटो उघडला. त्यात नवरीच्या आत्याचे डोळे मिटलेले होते. तू दुसऱ्या फोटोतून तिचेच उघडे डोळे उचलून आणले होतेस आणि नेमकी तेव्हाच उठली असशील. ते डोळे फोटोच्या कोपऱ्यात, मांडवाच्या झालरीजवळ, तसेच राहून गेले होते. मी ते सरकवत सरकवत आत्याच्या चेहऱ्यावर आणले, बसवले, कडा मिसळल्या. आत्या माझ्याकडं बघायला लागली. मग मला रडू आलं. तू गेलीस त्या दिवशी मांडीवर घेऊन तुझं तोंड पुसलं, तुला उचललं, तेव्हा आलं नव्हतं ते.

त्या खोलीत तुझ्याशी बोलायची सवय आहे, म्हणून बोलते. तोंडानं बोलले तर घरातली घाबरतील.

आपलं घर वारंगा फाट्यावरचं. पुढं दोघा भावांचा स्टुडिओ, मधे घर, मागं ही खोली. पुढं नांदेड-हिंगोलीच्या गाड्या थांबतात, ड्रायव्हर लोक चहाला उतरतात, म्हणून बायकांनी स्टुडिओत बसायचं नाही, हे सासूचं म्हणणं. आपण दोघी त्यांना आत्याबाई म्हणायचो, आणि त्यांच्या म्हणण्याला तू कायद्याचं 'कलम' म्हणायचीस. "कलम लागलं बघ," असं भाकरी थापता थापता हळूच म्हणायचीस आणि मला हसू दाबता दाबता ठसका लागायचा.

तुझे मालक, आमचे भाऊजी, फोटो काढायचे, हे व्हिडिओ काढायचे आणि त्या फोटोंचं पुढं जे काय करायचं ते आपण मागं बसून करायचो. पूर्वी या खोलीत हळदीची पोती असायची. भिंतीतून अजून वास येतो. एकच खिडकी, तिलाही तू काळा कागद चिकटवलेला. उजेड आला की पडद्यावरचे रंग खोटे दिसतात, असं तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. मला वाटलं होतं, काही दिवसांपुरतं असेल.

तू स्वतः शिकलीस ती चहा देता देता. माझ्या लग्नाच्या आधी नांदेडचा एक ऑपरेटर या खोलीत बसायचा. त्याला चहा द्यायला आलीस की तू त्याच्या मागं जरा वेळ थांबायचीस. चहा गार होईपर्यंत तो काय काय दाबतो ते बघायचीस. भर सीझनमध्ये तो सोडून गेला. दोघं भाऊ अंगणात एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा तू म्हणे हात धुऊन येऊन खुर्चीवर बसलीस आणि पहिला फोटो स्वतः उघडलास. त्या दिवसानंतर आपल्या घरात ऑपरेटर आला नाही.

आणि मग मी आले. मला कॉम्प्युटर म्हणजे हिंगोलीच्या कॉलेजच्या ऑफिसात लांबून बघितलेला, एवढंच. पहिल्यांदा माऊस हातात घेतला तर तो टेबलाच्या कडेला गेला आणि मी थांबले. पडद्यावरचा बाण अजून मधेच होता आणि इकडं माझं टेबल संपलं होतं. "आता वं अक्का?" मी विचारलं. तू हसली नाहीस. "उचल आन् परत अलीकडं ठिव," म्हणालीस. "बाण तिथंच ऱ्हातो. तू भिऊ नको." दुसरं कुणी असतं तर तेच वर्षभर सगळ्यांना सांगून हसलं असतं.

तेव्हा मी तुला अहो-जाहो करायचे. "बंद कर ते," तू म्हणालीस. "इथं अंधारात कोण ऐकून राहिलं."

फोटोशॉपमधलं इंग्रजी तुला सगळं वाचता यायचं नाही. तू तुझी नावं ठेवली होतीस. एखादा भाग निवडला की त्याच्या भोवती तुटक रेघ पळत राहते, तिला तू मुंग्या म्हणायचीस. "आधी मुंग्या लागल्या का बघ. मुंग्या लागल्याशिवाय कायबी होत न्हाई." माझ्या मुंग्या सदा भलत्याच ठिकाणी लागायच्या. एका नवरदेवाला मागच्या गर्दीतून कापून काढताना मी त्याचा उजवा कानच कापला आणि मला कळलंही नाही. फेटा, चेहरा, हार, सगळं व्यवस्थित, कान नाही. तू खुर्ची पुढं ओढून पडद्यावर बघितलंस. मग म्हणालीस, "याला बायकोचं ऐकायचं न्हाई व्हय?" त्या दिवशी आपण इतक्या हसलो की आत्याबाई दारात येऊन बघून गेल्या. दुसऱ्या फोटोतून कान आणून तो कसा लावायचा, त्याच्यावर फेट्याची सावली कशी टाकायची, हे तू मला त्याच दुपारी शिकवलंस.

लेअरचं मात्र मला महिनाभर समजलं नाही. मी ब्रश फिरवत राहायचे, पडद्यावर काहीच व्हायचं नाही. फिरवून फिरवून मनगट दुखायचं. मला वाटायचं मशीन बिघडलं. तू लांबूनच, तुझ्या गौरीच्या झोळीला पायानं झोका देत, सांगायचीस, "तू खालच्या थरावर काम करून राहिलीस, मीना. वरच्यावर ये." आणि खरंच मी खाली कुठंतरी असायचे, वरून दुसऱ्या थरानं झाकलेल्या जागेवर. केलेलं सगळं वाया.

एकदा लाईट गेली आणि बॅटरीनंही दगा दिला. अर्ध्या दिवसाचं काम गेलं. मी टेबलावर डोकं टेकवून बसले. तू काही समजावलं नाहीस. दोघींचा चहा केलास, आणि लाईट आल्यावर माझा फोटो तुझ्याकडं घेऊन पहिल्यापासून करायला बसलीस. त्यानंतर तुला नादच लागला. दर थोड्या वेळानं म्हणायचीस, "सेव्ह." स्वयंपाकघरात मी पीठ मळत असताना मागून येऊन कानात म्हणायचीस, "सेव्ह कर गं."

माझ्या लग्नाचा अल्बमही तूच केला होतास. तो बघून मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात चिडले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. या भागात नवरी गोरी करून द्यावी लागते, तसं सांगूनच जातात लोक. माझ्या अल्बमात मी जशीच्या तशी सावळी होते. मला वाटलं, जावेनं मुद्दाम केलं. पुढं मीच हे काम करायला लागले आणि मग एकदा सहज विचारलं, "माझं तोंड काहून उजळलं न्हाईस?" तू म्हणालीस, "चांगली दिसून राहिली होतीस. कशाला हात लावायचा." आणि पुढच्या फोटोकडं गेलीस. माझ्या रंगाबद्दल तेवढं साधं कुणीच कधी बोललं नव्हतं, माझी आईसुद्धा नाही.

आपण त्या खोलीतून किती लग्नं बघितली. कुणाचा मामा रुसलेला, कुणाच्या सासूनं हातातली पिशवी एका फोटोत खाली ठेवली नाही, कुठली नवरी सप्तपदीला रडली आणि कुठली जेवणाच्या पंगतीत. कळमनुरी-वसमत तालुक्यातली अर्धी तोंडं आपल्याला पाठ होती आणि त्यातल्या एकाही माणसाला आपण माहीत नव्हतो. एकदा आठवडी बाजारात एक बाई समोर आली. मी तिला बघून हसले. तिच्या गालावरचा तीळ काढायचा की ठेवायचा यावर आपण दोघी भांडलो होतो आणि ठेवला होता. ती मला ओळखत नव्हती. तिनं पर्स घट्ट धरली आणि बाजूनं निघून गेली. घरी येऊन तुला सांगितलं तर तू विचारलंस, "तीळ कसा दिसत व्हता?"

आता ते भांडण. दोघीही पुन्हा त्याचं नाव काढायला घाबरलो.

त्या दिवशी हे आयकार्डाच्या फोटोची फाईल घेऊन आले आणि म्हणाले, घाई आहे, मागचा रंग निळा करून द्या. मी उघडली तर पडद्यावर माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. ती तलाठी झाली होती. आणि पुढून, स्टुडिओतून, तिचा आवाजही येत होता. तिच्याकडं आलेल्या गावांची नावं सांगत होती, हसत होती. मी उठले. आत्याबाई मधल्या दारात गहू निवडत बसल्या होत्या. "कुठं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "माझी मैत्रीण हाय, भेटून येते." त्या म्हणाल्या, "पुढं गिऱ्हाईक हायेत. तिलाच म्हणावं आत ये." पण तिला सांगायला जाणार कोण? मी दारात उभी राहिले तोवर तिची गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

मी खोलीत आले आणि तुझ्यावर फुटले. दुसऱ्या कुणावर फुटता आलं नसतं म्हणून तुझ्यावर. म्हणाले, "तू मला बघायला आलतीस. आमच्या घरच्या चुलीपाशी मी तुला विचारलं व्हतं, लग्नानंतर कॉलेजला जाता येईल का. तू काय म्हणलीस?"

तू पडद्याकडंच बघत होतीस.

"तू म्हणलीस, येईल की, काहून न्हाई येणार. मी बी.ए.चं दुसरं वरीस सोडून आले, तुझ्या बोलण्यावर."

तू माऊस सोडलास. मग तू विचारलंस, "खरं सांगितलं असतं तर आली असतीस का?"

"न्हाई."

"मग," तू म्हणालीस.

एवढंच. आणि परत कामाला लागलीस. मी तुझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. पण त्या "मग"मध्ये काय होतं ते मला पुढं हळूहळू समजत गेलं. मी येण्याआधी तू या खोलीत एकटी होतीस. गौरी रांगत होती, तिला तू पायाला दोरी बांधून टेबलाला अडकवायचीस, हे आत्याबाईंनीच मला कौतुकानं सांगितलं होतं. तुला कुणीतरी पाहिजे होतं. तू मला मागून घेतलंस. मी तुझ्यावर रागावू की तू मला निवडलंस म्हणून बरं वाटून घेऊ, हे मला आजही ठरवता येत नाही. तुझ्यासमोर हे बोलायचं होतं. तू काय म्हणाली असतीस कोण जाणे. कदाचित परत "मग"च म्हणाली असतीस.

मागचा सीझन संपत आला होता तेव्हा एका सकाळी आपण गच्चीवर वाळवण घालत होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. तू माझ्याकडं वळून काहीतरी म्हणालीस आणि मला तुझे डोळे दिसले. पांढरे असायला पाहिजेत तिथं पिवळे होते. मी तुझा हात धरून उन्हात धरला. तळवा पिवळा. "अक्का, तुला कावीळ झाली," मी म्हणाले. तू म्हणालीस, "हळदीचे फोटो बघून बघून उतरली आसंल अंगात."

किती दिवस झाले होते तसं? मी रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसत होते. रंगाचंच काम करत होते. नवरीच्या कपाळावर पिवळं जरा जास्त झालं तर मला कळायचं. पण खोलीत खिडकी बंद, पडद्याचा निळा उजेड, त्यात तुझा चेहरा जसा रोज दिसायचा तसाच दिसत राहिला. तू कंगव्यानं दंड खाजवत बसायचीस. मी म्हणायचे, घामोळं आलं असेल.

पुढं घरातल्यांनी जे केलं ते सगळ्या घरांत करतात तेच. आत्याबाई तुला रविवारी काविळीचं औषध देणाऱ्या बाबाकडं घेऊन गेल्या. तेल-तिखट बंद केलं. उसाचा रस आणला. तू तशीच येऊन खुर्चीवर बसत होतीस. मी म्हणायचे, पड जरा. तू म्हणायचीस, "अल्बमचं एवढं एक शीट." भाऊजींनी नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पित्ताच्या नळीला गाठ असल्याचं सांगितलं, आणि उशीर झाल्याचंही. दवाखान्यातून घरी आणल्यावर पुढच्या खोलीत तुझी खाट टाकली. तिथं खिडकी होती. रस्त्यावरच्या गाड्या दिसायच्या. तू दिवसभर त्या बघायचीस. "किती लोक जातेत गं," एकदा म्हणालीस.

शेवटचं धड बोलणं झालं तेव्हा मी मोबाईलवर एक फोटो तुला दाखवायला आणला होता. शेतातलं लग्न, झाडाखालचा फोटो, सगळ्यांची तोंडं हिरवी दिसत होती आणि मला ते निघत नव्हतं. तू मोबाईल डोळ्यांजवळ धरलास. "आधी पांढरं शोध," म्हणालीस. "कुणाचं धोतर, टोपी, कायबी. ते पांढरं बराबर कर. बाकीचं आपलं आपण येतं." मी म्हणाले, "बरं." तू डोळे मिटलेस. मला तेव्हा विचारायचं होतं, तुला भीती वाटते का? तुला काही सांगायचं आहे का? गौरीला काय सांगू? त्याऐवजी मी जाऊन तो फोटो केला. एका म्हाताऱ्याच्या टोपीवरून पांढरं घेतलं. हिरवं गेलं. तुला दाखवायला परत आले तर तू झोपली होतीस.

हे सगळं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, म्हणून सांगते.

परवा आत्याबाई खोलीत आल्या. त्या सहसा आत येत नाहीत, तुला माहीत आहे, त्यांना तिथं गुदमरतं. तुझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मीना, भाऊजीचा एक चांगला फोटो काढून दे. एकट्याचा." मी विचारलं, "कशाला?" त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या वाईट नाहीत, अक्का. तू गेल्यावर आठ दिवस त्यांनी अन्न नीट खाल्लं नाही. पण म्हणाल्या, "गौरीला कुणीतरी पाह्यजे. आन् सीझन तोंडावर आला. तू एकटी किती करशील? तुझ्यासाठीच म्हणून राहिले." औंढ्याकडचं स्थळ होतं. सोडचिठ्ठी झालेली बाई, रेखा नावाची, भावाकडं राहते.

माझ्यासाठीच. एकटीला झेपत नव्हतं, हे खरंच होतं.

भाऊजींचा एकट्याचा फोटोच नाही, अक्का. उभ्या तालुक्याचे फोटो काढतात, पण त्यांचा कुणी काढलेला नाही. आत्याबाईंनीच शोधून ठेवला होता, माझ्या लग्नातला. भाऊजी फेटा बांधून उभे आणि त्यांच्या पुढं जराशी तू, मोरपंखी साडीत, काहीतरी बोलता बोलता हसलेली. "हिला काढून घे त्यातून," आत्याबाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मी फोटो उघडला. पेन टूल घेतलं. तुझ्या खांद्यापासून सुरुवात केली, केसांच्या कडेनं, कानातल्या झुब्यापासून, गालावरून, तू शिकवलंस तसं सावकाश, एकही ठिकाण न सोडता. आता मला बरं येतं. तुझ्या भोवती पूर्ण मुंग्या लागल्या. एक बटण दाबायचं होतं.

मला तिथं तुझ्यामागं काय आहे ते दिसायला लागलं. भाऊजींचा डावा हात तुझ्या पाठीमागं होता. तुला काढलं असतं तर त्यांना खांद्याच्या खाली हातच राहत नव्हता. तो दुसरीकडून आणून जोडावा लागला असता, बाही शिवावी लागली असती. येतं मला ते. पण मी हात माऊसवरून काढून मांडीवर घेतला आणि तशीच बसले. मुंग्या पळत राहिल्या. मग मी काही न करता फोटो बंद केला आणि बाहेर गेले.

"हात न्हाई त्यायला त्या फोटोत," मी आत्याबाईंना म्हणाले.

"तुला येतंय की. मागं त्या नवरदेवाला कान लावला व्हता तुमी."

"कान लावला, आत्याबाई. हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. भाऊजी माठाजवळ पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "राहू दे माय," म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच मला म्हणाले, "चल मीना. नवीन काढ."

इतक्या वर्षांत भाऊजी माझ्याशी सरळ कधी बोलले असतील तर पाणी दे, दार लाव, एवढंच. त्यांनी कॅमेरा आणून माझ्या हातात दिला. केवढा जड असतो गं. ज्यानं काढलेले हजारो फोटो आपण नीट केले तो कॅमेरा मी पहिल्यांदा उचलत होते. "बटण आधी अर्धं दाब," ते म्हणाले. "टिक वाजलं की पूर्ण." आणि मागच्या अंगणात भिंतीला पाठ लावून उन्हात उभे राहिले. हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. एकदा खिशात घातले, एकदा पुढं बांधले.

"हनुवटी खाली, भाऊजी," मी म्हणाले. ते स्वतः सगळ्यांना म्हणतात तेच. त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरले. मी दाबलं. रडायच्या आधी दाबलं की नंतर, सांगता येणार नाही.

त्या फोटोला मी काहीच केलं नाही. डोळ्यांखालचं काळं तसंच. दाढीचे पांढरे खुंट तसेच. माझ्याच मोबाईलवरून मध्यस्थाला पाठवून दिला. आत्याबाई म्हणाल्या, "आसा? आजारी दिसून राहिला." मी म्हणाले, "हायेत तसे दिसतेत."

काल दुपारी फोन आला. मी खोलीत होते, आत्याबाई मधल्या दारात. अनोळखी नंबर. एक बाई हळू आवाजात म्हणाली, "ताई, फोटो तुमच्याच नंबरवरून आला व्हता. मी रेखा. औंढ्याकडून." मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "खरं सांगताल?"

"इचारा."

"तिथं कसं हाय?"

अक्का, आमच्या चुलीपाशी तुला कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. तोंडात शब्द तयार होते. चांगलं हाय, या तुमी. तेवढं म्हटलं असतं की दुसरी खुर्ची भरली असती. खरं सांगितलं की ती नाही म्हणणार आणि मी या अंधारात एकटी राहणार, सीझनभर, पुढच्या सीझनभर. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. ती थांबली.

मग मी सांगितलं. म्हणाले, "घर बरं हाय. खायला-ल्यायला कमी न्हाई. माणसं हात उचलणारी न्हाईत. पोरगी गुणाची हाय, आईवर गेली. पण मागं एक खोली हाय, त्यात दिवस जातो. फोटोचं काम हाय, ते शिकावं लागंल, आन् तकलीफ हाय त्यात. बाहेर जायचं म्हणलं तर विचारून. मनात नोकरी, शिक्षण, कायबी आसंल तर ते इथं व्हणार न्हाई, मला झालं न्हाई. आन् आमची अक्का त्याच खोलीत बसून बसून पिवळी पडली, तरी आमाला दिसलं न्हाई."

पलीकडं लांब कुणीतरी शेळीला हाकलत होतं. मला वाटलं, फोन ठेवणार.

"त्या खोलीला कडी हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"आतून का बाहेरून?"

मी दाराकडं बघितलं. मला खरंच पटकन सांगता येईना. उठून दार उघडून बाहेरची बाजू बघितली. काही नव्हतं, नुसतं लाकूड.

"आतून," मी म्हणाले.

"बाहेरून बिलकूल न्हाई?"

"न्हाई."

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. तिला मागं कुठं, किती दिवस कोंडून ठेवलं होतं ते मी विचारलं नाही. "मग येते मी," ती म्हणाली. पाठोपाठ म्हणाली, "ते फोटोचं शिकवताल ना मला? मला कायबी येत न्हाई."

"शिकवीन," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी दार लावलं आणि कडी सरकवून बघितली. आपण ती कधी लावली नव्हती, अक्का. तुलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. गंजून बसली होती. स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आणली, बोटानं तेल सोडलं, मागं-पुढं करत राहिले. शेवटी सरकली आणि बसली.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "मीना, दार काहून लावलं?"

"काम करून राहिले," मी म्हणाले, आणि आतच बसून राहिले.